अकरा चोक चव्वेचाळीस ते सहा सत्ते बेचाळीस: एका ड्रम कोअरचं प्रकरण

ओळखीतले लोक दर वर्षी विचारतात, की पोराला ड्रम कोअरमध्ये जायचंय, कुठलं वाद्य घेतलं तर जागा मिळेल. मी दर वर्षी सांगतो, कॉन्ट्रा, म्हणजे सगळ्यात खर्जातलं, सगळ्यात मोठं पितळी वाद्य. मग ते कॉन्ट्राचा फोटो बघतात आणि विषय बदलतात. पण मी हे का सांगतो त्यामागे एक अख्खं प्रकरण आहे, दोन वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या कोअरमध्ये भर सीझनला घडलेलं, ते आज सविस्तर लिहितो. कोअरचं नाव देत नाही, माणसं चांगली आहेत आणि चूक कोणाकडूनही झाली असती.

ज्यांना हा अमेरिकेतला प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर कॉर्प्स होतं पण म्हणतात कोअर. पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडेवाले असा संच, सगळे २१-२२ वयाच्या आतले, आणि अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत चालत, आकृत्या करत करत दहा-बारा मिनिटांचा एकच शो उन्हाळाभर वाजवायचा. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी वगैरेला मज्जाव, आजही. मूळ युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी चालवलेल्या बिगुल पथकांत. ड्रम कोअर इंटरनॅशनल म्हणजे डीसीआय, त्यांची पहिली चॅम्पियनशिप १९७२ ला व्हाइटवॉटर, विस्कॉन्सिनला झाली, हल्ली फायनल इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असते. मोठ्या कोअर वर्ल्ड क्लासमध्ये, लहान ओपन क्लासमध्ये. आमची ओपन क्लासवाली, मिडवेस्टमधली.

मी स्वतः पुण्यात सात वर्षं ढोल वाजवलाय. त्यामुळे माझ्या डोक्यात वादनाचं गणित एकच होतं, माणसं जितकी जास्त तितकं भारी. पथकात कोणी आलं नाही तर त्या दिवशी एक ढोल कमी, बास, कोणाला कळतही नाही. ताशे मात्र कमी पडले तर कळतं, कारण सगळ्यांना ओढून नेणारी तर्री तिथून येते. संख्येवर बंधन असू शकतं ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही, २०२४ ला हरित लवादाने पथकात ३० जणांची मर्यादा घातली तेव्हा पुण्यात काय झालं आठवत असेल, आणि गणपतीतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोअरमध्ये मात्र वरची मर्यादा नियमातच आहे, बरीच वर्षं १२८, मग १३५, मग १५०, १५४ आणि आता १६५. एवढ्याच खुर्च्या, त्या कुठे मांडायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा. खरी डोकेफोड तिथेच सुरू होते.

भरलेली वर्ल्ड क्लास कोअर घेतली तर ढोबळमानाने पितळी वाद्यं ७५ ते ८०. त्यात वरच्या सुराकडून खर्जाकडे, ट्रंपेट पंचवीसेक, मेलोफोन सोळाच्या आसपास, बॅरिटोन आणि युफोनियम मिळून बावीसेक, कॉन्ट्रा सोळा वगैरे. चालत वाजवणारी ड्रमलाइन, जिला बॅटरी म्हणतात, तिच्यात स्नेअर नऊ-दहा, टेनर चार-पाच, बास ड्रम पाच. मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर मांडलेला पिट, म्हणजे मारिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन, टिंपनी, सिंथ (सिंथेसायझर), ड्रमसेट, तिथे चौदा-सोळा जण. कलर गार्ड, म्हणजे झेंडेवाले, चाळीस किंवा वर. ड्रम मेजर, म्हणजे हाताने लय देणारे, तीन-चार. कोणी ट्रंपेट दोन वाढवतो आणि गार्ड दोन कमी करतो, पण घडण अशीच.

ओपन क्लासला एवढी पोरं मिळतच नाहीत. आमच्याकडे त्या वर्षी मे महिन्यात मुक्कामी सराव सुरू झाला तेव्हा ९४ होती, आणि वाटणी अशी: ट्रंपेट १४, मेलो ८ (त्यातली एक आमची कन्या), बॅरिटोन ९, युफ ५, कॉन्ट्रा ८, म्हणजे हॉर्नलाइन (सगळी पितळी वाद्यं) ४४. स्नेअर ६, टेनर ३, बास ५. पिट १२, गार्ड २२, ड्रम मेजर २. मी फूड ट्रकवर भाजी चिरायला असायचो, दिवसाला चार जेवणं, पोरं शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात आणि दिवसाचे दहा-बारा तास उन्हात असतात त्यामुळे खातात म्हणजे अक्षरशः राक्षसासारखी. एकदा सव्वाशे लोकांचे पोहे केले होते, पहिल्या वीस जणांनी संशयाने बघितलं, शेवटच्या वीस जणांना मिळाले नाहीत.

आता हे आकडे असेच का, हे मला ब्रासच्या कॅप्शन हेडने, म्हणजे ब्रासच्या मुख्य शिक्षकाने, ट्रकच्या मागे कॉफी पिता पिता समजावलं होतं. तो म्हणाला, खालून मोजायला सुरुवात करायची. आधी कॉन्ट्रा किती मिळाले ते बघायचं, त्यावर बॅरिटोन-युफ, त्यावर मेलो, आणि मग वर किती ट्रंपेट झेपतील ते ठरवायचं. ट्रंपेट वाजवणारे ढिगाने येतात, शाळेच्या प्रत्येक बँडमध्ये डझनभर असतात, त्यामुळे मोह हाच की घ्या भरून. पण खालचा आवाज बारीक आणि वरचा जाड झाला की सगळं पत्र्यासारखं वाजतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तंबोरा लागलाच नाही आणि चार जण तार सप्तकात ओरडतायत.

कॉन्ट्रा म्हणजे खांद्यावर घ्यायचा ट्युबा. बसून मांडीवर घेतात तो नाही, ह्याचं तोंड सरळ पुढे असतं, आणि वजन तेरा-चौदा किलो. ते खांद्यावर घेऊन उलटं चालायचं, तिरकं चालायचं, मिनिटाला १६०-१७० च्या लयीत, आणि वर श्वास पोटातून सोडायचा. मी एकदा उचलून बघितला. उचलायला काही वाटलं नाही, पण दोन मिनिटांनी डावा खांदा बधिर झाला आणि मान आपोआप उजवीकडे कलली, तिथला एक एकोणीस वर्षांचा पोरगा हसून म्हणाला, आता हा बारा मिनिटं मान सरळ ठेवून धरा.

तर झालं असं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कॉन्ट्राच्या एका मुलीची नडगी दुखायला लागली. आधी सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, नडगी सगळ्यांचीच दुखते. मग ती लंगडायला लागली, डॉक्टरकडे नेलं तर हाडाला बारीक तडा, सीझन संपला, घरी. त्यानंतर सहाच दिवसांनी दुसरा एक मुलगा घरच्या अडचणीमुळे गेला. दोघंही शेवटच्या वर्षाची, म्हणजे वयाच्या हिशोबाने पुढच्या वर्षी बाद होणारी, आणि अर्थातच आठांतली सगळ्यात दमदार. आठाचे सहा झाले. हॉर्नलाइन ४२, अख्खी कोअर ९२.

मी धंद्याने इंजिनियर, लगेच डोक्यात हिशोब केला. सारख्या ताकदीचे आठ आवाज सहा झाले तर फरक सव्वा डेसिबल. सव्वा डेसिबल म्हणजे काहीच नाही हो, नुसत्या कानाला कळणारही नाही धड. मी ते ब्रासवाल्याला छाती फुगवून सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, उद्या सकाळच्या रन-थ्रूला, म्हणजे अख्खा शो सलग वाजवतात तेव्हा, वर चढून ऐक.

दुसऱ्या दिवशी प्रेस बॉक्सच्या खाली सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो. सुरुवातीचा मोठा हिट, म्हणजे सगळे एकदम जोरात वाजवतात ती जागा, ठीक वाटला. मग मधलं संथ गाणं आलं, तिथे कॉन्ट्राचा एकच स्वर आठ मोजांपर्यंत (काउंट) लांब धरलेला आहे आणि त्यावर मेलोची चाल. आधी तो स्वर एखाद्या जाजमासारखा पसरलेला असायचा. आता तो मधेच विरळ व्हायचा, परत यायचा, परत विरळ व्हायचा. तेव्हा कळलं की माझं गणित कुठे चुकलं. कॉन्ट्राला हवा प्रचंड लागते, त्यामुळे सगळे एकदम श्वास घेत नाहीत, आळीपाळीने चोरून घेतात. आठांतले दोन श्वासावर असले तरी सहा वाजतायत. सहांतले दोन गेले की चारच. शिवाय प्रत्येकाला आता जास्त जोर लावावा लागतोय म्हणून श्वास लवकर संपतोय, म्हणजे कधी कधी तीन जण एकदम बाहेर. कागदावर पाव भाग गेला होता, मैदानात त्या गाण्यात निम्मा जात होता. आणि ते सहाही जोर लावून लावून स्वर वर ढकलत होते ते वेगळंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कोअरमधली प्रत्येक जागा सारख्या अर्थाने महत्त्वाची नसते, हे मला तोवर कळलं नव्हतं. स्नेअरचे सहाही जण तेच वाजवतात, एक गेला तर आवाज थोडा उतरतो पण वाक्य पूर्ण राहतं, उलट पाच जणांना एकसारखं करणं सहांपेक्षा सोपं. टेनरवाला एकटाच पाच-सहा ड्रम कंबरेला लावून फिरतो, तीन होते त्यातला एक गेला तर वाईट वाटेल पण निभेल. बास ड्रमचं मात्र तसं नाही. पाच जणांकडे पाच मापांचे ड्रम, लहान म्हणजे अठरा इंचाच्या आसपास आणि मोठा तीस-बत्तीस इंचाचा, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली असते, एकेक ठोका एकेकाचा. तिथला एक गेला म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी उपटली. म्हणून मोठी कोअर असो की लहान, बास ड्रम साधारण पाचच दिसतील, बाकी आकडे वर-खाली होतात. आपल्या ढोलवाल्याला हे पचायला जड जातं, आपल्याकडे पन्नास ढोल एकच ठोका देतात.

कॉन्ट्राचं दुखणं ह्या दोन्हींच्या मधलं. वाजवतात एकच, पण सगळी इमारत त्यांच्यावर उभी.

मग पर्याय काढले. एक, बाहेरून कोणीतरी आणायचं. दोन-तीन फोन झाले, जुलैमध्ये रिकामा, कॉन्ट्रा वाजवणारा, चालता येणारा, आणि हजारो डॉलर फी भरू शकणारा मुलगा मिळणं म्हणजे लग्नसराईत गुरुजी मिळण्यासारखं. दोन, पिटमधल्या सिंथमधून खालचा स्वर भरायचा. तीन, हॉर्नलाइनमधल्याच कोणालातरी कॉन्ट्रावर बसवायचं. चार, काहीच करायचं नाही आणि ट्रंपेटला हळू वाजवायला सांगायचं.

डायरेक्टर आणि प्रोग्रॅमवाल्यांनी दुसरा पर्याय उचलला. माझ्या मते इथे नऊ दिवस वाया गेले, पण त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. मायक्रोफोन-स्पीकर २००४ पासून चालतात, सिंथ वगैरे इलेक्ट्रॉनिक वाद्यं २००९ पासून, आणि सगळ्या मोठ्या कोअर सिंथचा खर्ज वापरतातच. आपल्याकडे सिंथ आहे, सबवूफर आहेत, वाजवणारी मुलगी हुशार आहे, दोन तासांत काम झालं. पहिल्या संध्याकाळी ऐकून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. खरंच भारी वाटलं, पोटात गुरगुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव होता आणि तापमान ३४ डिग्री. ज्यांनी बासरी उन्हात वाजवलीय त्यांना लगेच कळेल. हवा तापली की फुंकायच्या वाद्याचा सूर चढतो, डिग्रीला साधारण तीन सेंट, म्हणजे दहा डिग्री वाढली तर अर्ध्या स्वराच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. बेचाळीस जणांचा सूर असा वर सरकलेला आणि सिंथ बसलंय आपल्या ४४० वर ढिम्म. बासरी चढलीय आणि पेटी जागेवर. पोरं नळ्या बाहेर ओढून सूर उतरवतात, ओठाने खाली आणतात, पण वेळ लागतो, आणि तेवढ्यात सिंथवाली सूर बदलते, तेवढ्यात ढग येतो. संध्याकाळी शोच्या वेळेला २५ डिग्री, परत सगळं उलटं. सिंथ आधीही होतं की, मग आधी का नाही जाणवलं? कारण आधी ते कॉन्ट्राच्या खाली लपलेलं असायचं, चवीपुरतं मीठ. आता भाजीच मिठाची झाली होती.

दुसरी अडचण जागेची. सिंथचे स्पीकर पुढच्या कडेला आणि कॉन्ट्रा बऱ्याचदा मागे, चाळीस यार्डांवर. चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर, आवाजाला यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि १६० च्या लयीत एका मात्रेचा पाव हिस्सा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा किंचित कमी. म्हणजे मागचे बरोबर वाजवत असले आणि पुढचेही बरोबर वाजवत असले तरी प्रेक्षकाला पाव मात्रेचा फरक! म्हणून कोअरमध्ये पक्का रिवाज असतो, पिटने ड्रम मेजरच्या हाताकडे बघून वाजवायचंच नाही, मागून जे कानावर येतं त्याच्यासोबत वाजवायचं, आणि मागच्यांनी मात्र हातांकडे बघायचं. सिंथवाली हे इमानदारीत करत होती. पण ज्या स्वराला धरून वाजवायचं तोच मागून विरळ येतोय तर ती धरणार कशाला? दोनदा ती स्वतःच पुढे पळाली आणि अख्खं पिट तिच्यामागे गेलं.

त्या आठवड्यातल्या एका शोनंतर परीक्षकांचं रेकॉर्डिंग आलं. परीक्षक शो चालू असताना मशीनमध्ये बोलत असतात आणि ते नंतर शिक्षकांना ऐकायला मिळतं. गुण शंभरापैकी असतात, जनरल इफेक्टला ४०, व्हिज्युअलला ३०, म्युझिकला ३०, आणि म्युझिकमध्ये ब्रास, परकशन, आणि एकूण संगीत असे तीन परीक्षक, प्रत्येकी २० पैकी देतात आणि बेरजेच्या निम्मे करतात. त्यामुळे ब्रासचा दोन दशांश गेला तर एकूणात एकच दशांश जातो. आमचा ब्रास आणि एकूण संगीत, दोन्ही उतरलं होतं. लेकीने सांगितलं ते असं: "बाबा, जज म्हणाला खाली कोण आहे ते मला दिसत नाही, फक्त स्पीकर ऐकू येतो." मला ते पटलं. तिला राग आला होता, मेलोची चाल त्याच खर्जावर उभी होती ना.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती.

नऊ दिवसांनी ब्रासवाल्याने एका सकाळी युफच्या पाचही जणांना बोलावलं आणि विचारलं, शाळेत ट्युबा कोणी वाजवलाय. एका मुलीने हात वर केला, दोन वर्षं, आठवी-नववीत. इथे थोडं तांत्रिक, पण मजेशीर आहे. युफोनियम बी फ्लॅटचं आणि कॉन्ट्राही बी फ्लॅटचा, बरोबर एक सप्तक खाली. त्यामुळे बोटं जवळपास तीच. बदलतो तो माउथपीस. युफचा साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढा समजा आणि कॉन्ट्राचा छोट्या वाटीएवढा, ओठ त्यात हरवतात. ट्रंपेटवाल्याला तिथे बसवलं असतं तर महिना गेला असता, त्या मुलीला चार दिवस लागले, पहिल्या दिवशी नुसता माउथपीस हातात घेऊन ट्रकच्या सावलीत फर्र फर्र करत बसलेली असायची, म्हशीसारखा आवाज, आणि मी कांदे चिरतोय. आठवायचं म्हणजे हे साल १९९९ असतं तर ही सगळी वाद्यं 'जी' (G) ह्या सुरातली बिगुलं असती, कारण नियमच तसा होता. बी फ्लॅट वगैरे कुठल्याही सुरातली चालतील हे २००० पासून आलं, तीन कळांची परवानगी १९९० ला, आणि ट्रॉम्बोनसकट सगळी पितळी वाद्यं २०१४ ला. जुने लोक अजून त्या 'जी' बिगुलच्या आवाजाची आठवण काढून हळहळतात, आम्हाला मात्र त्या बदलामुळेच शाळेतला ट्युबावाला थेट कामी आला.

कॉन्ट्रा ७, युफ ४. आता ट्रंपेट १४ तसेच. लोकांना वाटलं ट्रंपेटमधले दोन काढून बॅरिटोनवर टाकतील, तशी चर्चा होती, पण ब्रासवाल्याने माणसं न हलवता सूर हलवले. मोठ्या हिटला ट्रंपेटच्या तिसऱ्या पार्टला वरचा स्वर होता तो काढून मेलोच्या स्वरावर आणला, आणि बॅरिटोनमधल्या तिघांना कॉन्ट्राच्या बरोबर एक सप्तक वर तोच स्वर धरायला लावला. म्हणजे वरचे कमी झाले नाहीत पण वरचं कमी झालं. त्या संथ गाण्यात श्वासाचं वेळापत्रकच लिहिलं, कोणी कुठल्या मोजाला घ्यायचा, सात जणांची सात नावं पेन्सिलने. सिंथ ठेवलं, पण इतकं खाली की बंद केलं तरच कळावं.

आणि मग ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या आकृत्या. हे मला सगळ्यात आवडलं.

शोच्या शेवटाकडे अख्खी हॉर्नलाइन एकच आयत करून फिरते, ४४ जण, चार रांगा अकरा-अकराच्या. अकरा चोक चव्वेचाळीस. दोघं गेल्यावर त्या आयतात दोन भोकं पडली होती, दातांच्या फटीसारखी, आणि फिरताना ती भोकंही फिरायची, बघणाऱ्याची नजर बरोबर तिथेच. आधी गार्डच्या दोन मुली झेंडे घेऊन त्या जागी घातल्या, छान दिसलं, पण त्यामुळे गार्डचं स्वतःचं काम मोडलं आणि तिथले शिक्षक वैतागले. बरं एकेक जण सरकवून फट बुजवावी तर चव्वेचाळीसचे बेचाळीस झाल्यावर चार रांगा होतच नाहीत, दहा-दहाच्या चार आणि दोघं उरतात. रात्री जेवताना ड्रिलवाला कागदावर ठिपके काढत बसला होता, तिथे मी भांडी घासत होतो, आणि मी सहज आपला म्हणालो, सिक्स सेव्हन्स. सहा सत्ते बेचाळीस हो, दुसरं काय. तो दोन सेकंद बघत राहिला. त्याला ते सुचलं नसतं असं नाही, पाच मिनिटांत सुचलंच असतं, पण आमच्या घरात ही गोष्ट आता माझ्या नावावर जमा आहे.

सहा रांगा सात-सातच्या केल्या. आयत आडवा पसरट होता तो जवळजवळ चौकोनी झाला, दोन-दोन पावलांच्या अंतराने बारा पावलं रुंद आणि दहा खोल, पाऊल म्हणजे साडेबावीस इंच. त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे दोन सेट (आकृत्या) नव्याने लिहावे लागले, प्रत्येक पोराच्या डॉट बुकात, म्हणजे मैदानावरच्या जागांच्या वहीत, नवे आकडे. आणि सात कॉन्ट्रा एका ओळीत मागे, सातला मधला माणूस असतो, आठला नसतो, त्यामुळे ती नवीन आलेली युफवाली बरोबर पन्नास यार्डाच्या रेषेवर, मैदानाच्या मधोमध. तिला तिथे ठेवलं कारण तिला डावी-उजवीकडे तीन-तीन अनुभवी मिळत होते, आणि चालण्याचा हिशोब सगळ्यात सोपा, रेषा पायाखालीच.

लेकीला मात्र नवीन जागा पहिल्या दिवशी सापडेना. जुन्या चौतीस मोजांच्या सवयीने ती सरळ जात राहिली आणि टेनरवाल्यावर आदळली, मेलोच्या तोंडाला पोचा आला, तो अजून आहे. "बाबा, सांगू नकोस हं आईला" म्हणाली, बायको तेव्हा शेजारी उभी राहून बटाटे सोलत होती.

पुढच्या शोपासून ब्रासचा आकडा परत चढायला लागला, एकदम नाही, एक-एक दशांश. जुलैअखेरीस, उतरायच्या आधी होता त्याच्याही वर गेला. हे सगळं सात कॉन्ट्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, सीझन पुढे सरकतो तसे सगळ्यांचेच गुण वाढतात, आणि हवाही जरा बरी होती. पण मी परत वरच्या पायरीवर जाऊन बसलो होतो, संथ गाण्यातला तो लांब स्वर आठ मोज सलग आला. आठ कॉन्ट्राइतका जाड नव्हता. सलग होता.

माझी तक्रार एवढीच की हा प्रश्न नोव्हेंबरमध्ये ऑडिशनलाच सुटू शकला असता. तेव्हा ट्रंपेटला चाळीसच्या वर पोरं आली होती, कॉन्ट्राला नऊ. आठ घेतले, एकाला नाही म्हटलं, चालताना अडखळतो म्हणून. बास ड्रमला राखीव माणूस ठेवत नाहीत, ठेवता येत नाही, प्रत्येक जण पैसे भरून येतो आणि त्याला मैदानात जागा हवी. पण कॉन्ट्राला आधीच एक जास्त घेतला असता तर तो राखीव नसता, तो रोज वाजवलाच असता. नववा ट्युबा कोणाला जड झालाय आजवर? पंधरावा ट्रंपेट मात्र होतो.

ऑगस्टमध्ये ओपन क्लासच्या फायनलला इंडियानातल्या मॅरियन गावी गेलो. नडगीवाली मुलगी आली होती, पायात तो मोठा प्लास्टिकचा बूट, पिटच्या गाड्या ढकलायला मदत करत होती, एका पायावर. दुसरा मुलगा आला नाही.

पुढच्या वर्षी ९६ पोरं होती आणि कॉन्ट्रा दहा. ट्रंपेट तेरा. आणि आता पहिल्याच कॅम्पला, अजून बर्फ असतो बाहेर, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये प्रत्येक युफवाल्याच्या खांद्यावर पंधरा मिनिटं कॉन्ट्रा देतात आणि भिंतीपर्यंत चालून परत यायला सांगतात, कोण मान वाकडी करतं ते ब्रासवाला वहीत लिहून घेतो.